एकच भारी कार्ड

"घाई नाय," असं म्हणून तो एक डोळा मिटायचा आणि ब्रश हवेत धरून समोरच्या गणपतीकडं बघत राहायचा. आमचा पेणचा कारखाना गणपतींचा. मी पीतांबर रंगवते, तो डोळे आखायचा. डोळे सगळ्यात शेवटी, त्याशिवाय मूर्ती बाहेर जायची नाही. शेठ ओरडायचे, गिऱ्हाईक दारात ताटकळायचं, याचं आपलं तेच. "घाई नाय."

अशा माणसाला कॉम्प्युटरवर मोटारींची शर्यत खेळायचा नाद आहे हे कळलं, तेव्हा माझ्या हातातला चहा सांडला. पन्नाशी उलटलेला माणूस! मी तोंडावर विचारलं, "लाज नाय वाटत?"

"वाटते ना काकी. रोज हरतो."

हरवणारा त्याचा धाकटा भाऊ. रोह्याच्या पुलापलीकडं, अष्टमीला एकटा राहतो. मोटरसायकलवरून पडला आणि कमरेखालचं सगळं गेलं. तेव्हापासून भिंतीकडं तोंड करून पडलेला. शेजारीण डबा द्यायची, तिच्याशीही बोलायचा नाही. बोलायचा तो फक्त शर्यतीत. हा पेणला, तो अष्टमीला, दोघांच्या कानाला हेडफोन. पण दोन्ही कॉम्प्युटर जुने. ऐन वळणावर चित्र थिजायचं. मग भाऊ हेडफोन फेकायचा आणि चार-चार दिवस फोनही उचलायचा नाही.

चित्र नीट पळायला ग्राफिक्स कार्ड लागतं म्हणे. एका दुपारी तो माझ्याशेजारी येऊन बसला.

"काकी, तेवढ्याच पैशात दोन साधी येतात. एक त्याला, एक मला. नायतर एकच भारी घ्यायचं, त्याच्या कॉम्प्युटरात. त्यावर पडद्याचे दोन भाग करून दोघांना खेळता येतं. पण मग मला तिथं जाऊन बसायला लागंल."

किंमत ऐकून मी हबकले. तेवढ्या पैशात दुभती म्हैस आली असती.

"साधी चालतील का?"

"आत्ता चालतील. दुकानवाला म्हणतो, वर्षभरात परत अडकतील."

"मग विचारतोस काय? एकच घे. दोन लंगडे बैल जुंपून नांगर चालतो व्हय?"

मला वाटलं, रविवारी जाईल, खेळेल, परत येईल. तो "बरं" म्हणाला आणि उठला.

सोमवारी आला नाही. मंगळवारीही नाही. बुधवारी त्याचा फोन आला, शेठनी तो सगळ्यांना ऐकवला. "शेठ, मी आता इथंच भावाजवळ राहतो. दुसरा माणूस बघा."

चतुर्थी महिन्यावर. फळ्यांवर मूर्तींच्या रांगा, एकीलाही डोळे नाहीत. शेठ रांगांवरून नजर फिरवत म्हणाले, "कुणी शिकवलं याला हे?" सगळ्या बाया माझ्याकडं बघायला लागल्या. मी पीतांबराचा ब्रश खाली ठेवला.

"आता तूच जा आणि घेऊन ये," शेठ म्हणाले.

एसटीनं रोहा गाठलं, पूल चालत ओलांडला. भावाचा आवाज रस्त्यापर्यंत येत होता. "डावीकडं, डावीकडं वळ! आंधळा हायस काय?" मी दारातच थिजले. ज्याच्या नजरेचं सगळं पेण नाव काढतं, तो मान खाली घालून शिव्या खात होता आणि हसत होता. भाऊ शेजारी, उशीला टेकून ताठ बसलेला. शेजारीण मला हळूच म्हणाली, "सहा महिने या घरातनं असा आवाज आला नव्हता गो."

एवढ्यात त्यानं मला पाहिलं. "काकी! न्यायला आलीस?"

भावाची शर्यतीतली गाडी कठड्यावर आदळली. त्यानं ती मागं घेतली नाही. माझ्याकडं बघितलं नाही, पडद्याकडंही नाही.

"चहा प्यायला आले," मी म्हटलं.

संध्याकाळी शेठ कारखान्याच्या दारातच उभे होते. मला एकटीलाच बघून त्यांचा चेहरा उतरला.

"काय म्हणाला?"

"मी विचारलंच नाय."