सुई दोघांनाही

गंगाराम गेल्याचं पोस्टकार्डाने कळलं, तेही तेरावं उरकल्यावर. बदलीच्या नोकरीत मित्राच्या मातीलाही जाता येत नाही... याचाही आता शीण आला आहे.

साठ-एकसष्टच्या सुमारास पालघरजवळच्या एका मत्स्यबीज तळ्यावर आम्ही एकत्र होतो. मी साहेब, म्हणजे कागद माझे आणि काम त्याचं. रोहू मासा साचल्या पाण्यात अंडी घालत नाही. मग दुसऱ्या माशाच्या मेंदूखालची मोहरीएवढी ग्रंथी काढून तिचा अर्क टोचायचा. त्या थेंबाने मादी अंड्यावर येते, नर तिच्या मागे लागतो. जगातल्या सगळ्या प्रेमाचा कारखाना एवढासाच, असं म्हणून मी हसायचो.

गंगाराम जवळच्याच किनाऱ्यावरच्या दांडी गावचा. तिथे शिंगाळा माशाचं डोकं म्हणजे घरच्या कर्त्याचा मान. ग्रंथीसाठी तो आपल्या वाट्याचं डोकं रांधण्याआधीच फोडायचा आणि आईच्या शिव्या खायचा. म्हातारीला चिडायला आणखी एक कारण होतं. सात वर्षं झाली तरी सुनेची, हिराची, कूस उजवली नव्हती. वैदू झाले, डॉक्टरीण झाली, नवस झाले, सगळे हिरालाच. आता म्हातारी दुसरी सून बघत होती आणि गंगाराम गप्प होता.

पहिल्या हंगामात ग्रंथी कमी पडल्या. ‘‘नराला कशाला सुई? तो तयारच असतो,’’ मी म्हणालो. सगळा अर्क मादीला दिला. सकाळी पाण्यातल्या कापडी पेटीत अंडीच अंडी, पण पांढरी पडलेली, मेलेली. नर कोपऱ्यात ढिम्म. गंगाराम ओंजळीत अंडी घेऊन बसून राहिला.

‘‘सायेब, सगल्या सुया तिलाच दिल्या आपण,’’ तो म्हणाला. ‘‘आमच्या घरी पन तेच चाललंय.’’

दुसऱ्या दिवशी रजा टाकून तो स्वतः डॉक्टरकडे गेला. दोष त्याच्यातच निघाला. ते त्याने आईसमोर सांगितलं आणि हिराला म्हणाला, ‘‘तुला जायचं तर जा.’’ ती म्हणाली, ‘‘आदी जेवून घ्या.’’ दुसऱ्या सुनेचा विषय तिथेच मिटला. मी आजवर घरात एकही चूक कबूल केलेली नाही.

परवा दांडीला गेलो. मला वाढून झाल्यावर हिरावहिनींनी शिंगाळ्याचं डोकं आपल्या ताटात घेतलं. मी बघतोय हे त्यांना कळलं.

‘‘त्या दिसापासून डोकं माज्याच ताटात वाढायचे ते,’’ त्या म्हणाल्या. ‘‘आता आपल्या हातानं घ्यावं लागतं... घशाखाली उतरत नाय.’’