सुतळीला लागलेली फ्रेम

गंज आणि घासलेटचा वास एकत्र आला, की मला चिखलीच्या त्या लंगड्या मिस्त्रींचं भंगाराचं दुकान आठवतं. महाराष्ट्र राज्य होऊन तीन-चार वर्षं झाली होती. अमडापूरकडची खडकाळ टेकडी पाय न टेकवता चढेल अशी मोटारसायकल मला जुन्या लष्करी गाड्यांच्या भागांतून जोडायची होती. इंजिन मिळालं होतं, फ्रेम हवी होती. मी चकचकीत रंगवलेली एक उचलली. मिस्त्रींनी तिच्यावर पुढून मागपर्यंत सुतळी ताणली. "रंग काऊन पाहून राह्यला बे? वाकडी हाये ते." मग मी कोपऱ्यातली हलकी, गंजकी फ्रेम ओढली. तिच्यावर सुतळी बरोबर मधोमध बसली आणि मिस्त्री सुतळी गुंडाळू लागले. त्यांची बायको दारातून म्हणाली, "ते त्याइनं सोतासाठी ठेवेल हाये, पाय मोडाच्या आंधीपासून." मी ती खाली ठेवली. मिस्त्रींनीच पुन्हा माझ्या हातात दिली. "ने. पण टेकडीवर जाशीन तवा मले मांगं बसव." महिन्याभरानं मी त्यांना बसवून नेलं. वर सपाट माळ होता. ते उतरले आणि हँडलवर हात ठेवून बराच वेळ उभे राहिले. मी विशीतला होतो. "चालवता का?" एवढं विचारायचं मला तेव्हा सुचलंच नाही.