अब्बांनी शिवलेलं शीड

गेल्या रविवारी इस्लामपूरला घरी होते. आठवडाभराच्या पावसानंतर ऊन पडलं होतं, वारा चांगला होता, आणि माझं शीड शिवून तयार होतं...

मी विंडसर्फिंग करते. फळीवर उभं राहायचं, शीड दोन्ही हातांनी धरायचं आणि वाऱ्यावर पाणी कापत जायचं. मालवणच्या बाजूला, हिवाळ्यात, जमतील तेवढे शनिवार-रविवार.

जून ते सप्टेंबर समुद्र बंद. मग साताऱ्यातली कंपनी आणि भाड्याची खोली, एवढंच. मी क्वालिटी विभागात काम करते, त्यामुळे वेळापत्रक पाळणं जमतं. रोजचा व्यायाम ठरलेला: प्लँक, दारातल्या बारला लटकणं, पाइपच्या तुकड्यावर फळी ठेवून तोल सांभाळणं. शरीर टिकतं. डोक्याचं सांगता येत नाही... ऑगस्टमध्ये मी खिडकीत बसून झाडांच्या शेंड्यांवरून वाऱ्याचा वेग ठरवत असते.

यंदा मे महिन्यात शिडाची मधली शिवण उसवली. शीड जुनं आहे, मालवणच्या माझ्या कोचकडून घेतलेलं, आणि माझ्याकडे ते एकच आहे. मी ते अब्बांकडे दिलं.

अब्बा ताडपत्र्या शिवतात. ट्रॉलीवर टाकायच्या, ऊसतोडवाल्यांच्या खोप्यांवर घालायच्या. हल्ली सगळे तयार ताडपत्री आणतात आणि अब्बांचं मशीन बरेच महिने फडक्याखाली झाकलेलंच असतं. तेवढं जाड कापड दुसरं कोणी शिवणार नव्हतं, हे खरं. पण मशीनवरचं ते फडकंही माझ्या डोक्यात होतं.

माझ्या खेळाबद्दल ते चार वर्षांत एकदाच बोललेत. "पाण्यात जायाचं आन् परत यायाचं. ह्यात काम काय?" बघायला कधी आले नाहीत. मीही बोलावलं नाही.

तर रविवारी आम्ही शीड घेऊन घरामागच्या मैदानात गेलो. शेजारचे तानाजीकाका, फौजेतून रिटायर झालेले, खुर्ची घेऊनच आले. "काय उस्ताद, पोरीला पतंग शिवून दिला व्हय?"

अब्बा खुशीत होते. "मूळ शिवणाऱ्यानं लय चुका केल्या हुत्या बघ. दोन पट्ट्यांच्या कडाच जुळत न्हवत्या. समदा झोळ काढून टाकला."

मी शिवणीवरून हात फिरवला. टाके एकसारखे, रेषा सरळ... आणि शीड पाटासारखं सपाट.

ताडपत्रीला झोळ असला की त्यात पाणी साठतं आणि ती फाटते. अब्बांनी चाळीस वर्षं झोळ काढण्याचंच काम केलंय. पण शिडाचं सगळं त्या झोळातच असतं. पट्ट्यांच्या कडा मुद्दाम गोलसर कापतात, म्हणजे जोडल्यावर मधे पोट येतं. वारा त्यात भरतो आणि ओढतो. तेच गेलं तर हातात नुसतं कापड उरतं. सीझन महिन्यावर आला होता.

मी म्हटलं, "छान झालंय अब्बा."

डोलकाठी बसवली, आडवी दांडी बसवली आणि वाऱ्यात उभी राहिले. शीड नुसतं फडफडलं.

मी आठ-नऊ वर्षांची असताना याच मैदानात अब्बा प्रत्येक नवी ताडपत्री वाऱ्यात धरून तपासायचे. दोन टोकं त्यांच्याकडे, दोन माझ्याकडे. जोराचा झोत आला की मी फरफटत जायचे आणि ते ओरडायचे, "हातानं वढू नगो, अंग मागं टाक!" अंग मागं टाकलं की वारा आपोआप तोलला जायचा... मी आकाशाकडे बघत तिरकी उभी. मला वाटायचं, गावात हे फक्त मलाच येतं. पुढे मालवणला कोचने पहिल्या दिवशी नेमकं हेच सांगितलं. मला ते येत होतं. का येतं, ते मी सांगितलं नाही.

"तू मागं झुकली न्हाईस," अब्बा म्हणाले.

मी दांडीवरची पकड बदलली.

"बारकी असल्यापास्नं झुकतीस. आज सरळ हुभी हाईस. वारा तर हाय."

मग सांगितलं. झोळ लागतो, म्हणून.

तानाजीकाका हसता हसता खुर्चीत हलले. "घ्या उस्ताद! जलमभर झोळ काढला, आता घाला!"

अब्बा हसले नाहीत. "मग छान का म्हणालीस? गिऱ्हाइकानं तोंडदेखलं बोलल्यालं चालतं मला. तू न्हाई."

मी खाली बसून डोलकाठी सोडवायला लागले.

त्यांनी कापड कापलेलं नव्हतं. दुसऱ्याच्या कापडाला ते कधीच कात्री लावत नाहीत, जास्तीचं आत दुमडून ठेवतात. दुपारभर आम्ही टाके उसवले. आतल्या कडेला जुन्या सुईची भोकं तशीच होती, बाकदार ओळीत. अब्बांनी चष्मा वर करून ती ओळ बोटानं चाचपली. "अस्सं... चूक न्हवती ही," एवढंच म्हणाले, आणि भोकात भोक धरून शिवत गेले. कापडाचं टोक मी धरलं होतं. मशीनचा तो आवाज मी किती वर्षांनी इतक्या जवळून ऐकत होते, ते मोजलं नाही.

संध्याकाळी वारा थोडा उतरला होता. तरी शीड भरलं. खांद्यातून ओढ आली आणि मी मागं झुकले. अब्बा माझ्या पाठीमागे दोन पावलांवर येऊन उभे राहिले, हात जरासे पुढे करून... पूर्वी उभे राहायचे तसे.

शीड गुंडाळताना त्यांनी विचारलं, "तिकडं कवा चालू हुतंय?"

"ऑक्टोबर संपता संपता."

"मला सांग तवा. पाण्यात टाका कसा धरतोय, ते बघाय पायजे."

टाका बघायला... ठीक आहे. या वर्षी मालवणची दोन तिकिटं काढीन. आणि पहिल्या दिवशी कोचला त्यांची ओळख करून देईन. मला मागं झुकायला कोणी शिकवलं, ते सांगायचं राहिलंय.