रीळ नसलेला कॅमेरा आणि सड्यावरचा काळा ठिपका

नव्याच्या निम्म्याहून कमी किमतीत डिजिटल एसएलआर मिळतोय म्हटल्यावर माणसाने उड्या माराव्यात. मी मारल्या नाहीत. मला पहिला प्रश्न पडला, का विकतोय?

रत्नागिरीतल्या राम आळीजवळ एका स्टुडिओत हा कॅमेरा असल्याचं कॉलेजातल्या मित्राकडून कळलं. सहा मेगापिक्सेल, सोबत एक लेन्स, चौदा हजार. वर्षभर दहावीच्या शिकवण्या घेऊन माझ्याकडे साधारण तेवढेच जमले होते. म्हणजे फसलो तर परत वर्षभर शिकवण्या. मी गोष्टी लिहितो, आणि त्या कोणी खऱ्या मानत नाही. फोटो निदान खरा असतो, असं मला तेव्हा वाटायचं.

शनिवारी सकाळी अलोऱ्याच्या सरकारी कॉलनीतून चिपळूणची गाडी धरली. चिपळूणहून रत्नागिरी एसटीने अडीच तीन तास, तिकीट साठेक रुपये. डावीकडे बसू नका, उन्हाने भाजून निघाल. हातखंब्याला गाडी हायवे सोडते, तिथे चहा प्या. वडा नका खाऊ. मी खाल्ला, त्याबद्दल इथे जास्त लिहीत नाही.

स्टुडिओवाले विलासदादा पन्नाशीचे, कपाळावर चष्मा. मी कॅमेऱ्याकडे बघतोय आणि ते माझ्याकडे.

"कुठचा रे तू?"

"अलोरे."

"कॉलनीतला? मग मूळ गाव कुठचं? आडनाव? आजोळ?"

सगळं सांगितलं. तरी समाधान नाही. माझ्यादेखत फोन उचलून अलोऱ्याच्या बाजूला राहणाऱ्या मेव्हण्याला विचारलं, "पोरगा कसा आहे? नाय, लग्नासाठी नाय. कॅमेऱ्यासाठी." तिकडून काय उत्तर आलं माहीत नाही, पण कॅमेरा माझ्या गळ्यात आला. "उद्या चारपर्यंत वापरून बघ. पसंत पडला तर पैसे, नाहीतर परत."

माणसं असा कॅमेरा हातात देतात? माझा संशय दुप्पट झाला.

दुपारी बांगड्याची थाळी खाऊन मिरकरवाड्याला गेलो. बंदरावर फोटो काढायचे असतील तर आधी विचारा. मी विचारलं नाही. टोपलीतल्या सुरमईवर कॅमेरा रोखला तर मासे विकणाऱ्या मावशींनी टोपलीवर फडकं ओढलं. "मासे घ्यायचेत की मोजायला आलायस?" बाजूची म्हणाली, "खात्याचा असंल गो, बूट बघ त्याचे." मी निमूटपणे आकाशाकडे वळलो. आकाश काही बोलत नाही.

आणि तिथेच सापडला. फोटोत, वर उजव्या कोपऱ्यात, काळा ठिपका.

शर्टाने लेन्स पुसली. ठिपका तसाच. पुन्हा पुसली. (शर्टाने पुसू नका. हे मला खूप नंतर कळलं.) संध्याकाळी मांडवीच्या जेटीवर अंधारून आल्यावर ठिपका गायब! म्हणजे उन्हात दिसतो, कमी उजेडात लपतो. आता मला आठवलं, विलासदादांनी स्टुडिओत नमुन्याचे फोटो कुठले दाखवले होते? सगळे लग्नाच्या हॉलमधले. लॉजवर (स्टँडजवळ, दीडशे रुपये, पंखा बोलतो) झोपताना मी ठरवून टाकलं की हा माणूस पक्का आहे.

रविवारी सकाळी पावसच्या गाडीत बसलो आणि मध्येच एका वाडीला उतरून सड्यावर चढलो. सडा म्हणजे जांभ्याचं उघडं पठार, नुसता दगड, वाळकं गवत आणि वारा. तिथे रचलेल्या दगडांचा एक लांबलचक गडगा होता, पलीकडे समुद्र. मी ॲपर्चर, म्हणजे लेन्समधलं उजेडाचं भोक, पार लहान केलं, बावीसवर, आणि घेतला फोटो.

"ए! कोणी पाठवलं तुला? दिगूने?"

हातात कोयता, डोक्याला टॉवेल, साठीपुढचे. हे तात्या. दिगू म्हणजे त्यांचा चुलतभाऊ, आणि मी ज्याचा फोटो काढला तो गडगा म्हणजे दोघांच्या कोर्टातल्या केसचा मुख्य आरोपी. दिगू दर वर्षी एकेक दगड इकडे सरकवतो, असं तात्यांचं म्हणणं.

"मी फिरायला आलोय हो, काका."

"सड्यावर कोण फिरायला येतं? रीळ काढ."

"यात रीळ नसतं."

"रीळ नाय तर फोटो येतो कुठून? शेंड्या लावतोस?"

मी मागच्या पडद्यावर फोटो दाखवला. ही माझी चूक. तात्यांनी डोळे बारीक केले. गडग्याचं वरचं टोक नेमकं उजव्या कोपऱ्यात होतं आणि त्याच्यावर काळा ठिपका.

"ही खूण कोणी केली?"

एवढ्यात गडग्यापलीकडून दिगूकाका आले, बनियन आणि छत्री. आरडाओरडा ऐकूनच आले असणार. त्यांनीही पडदा बघितला. "खूण माझ्या बाजूला कशी?"

"तुझ्या बाजूला? नीट बघ."

अकरा वर्षं दोघं बोलत नव्हते म्हणे. आताही एकमेकांशी नव्हतेच बोलत, दोघंही पडद्याशी बोलत होते. मग माझ्याकडे वळले. मोजणीवाल्याने कॅमेऱ्यातून हद्दीची खूण मारली, यावर मात्र दोघांचं एकमत झालं. माझी कॉलर दिगूकाकांच्या हातात, कॅमेऱ्याचा पट्टा तात्यांच्या.

तात्यांनी कोर्टात बऱ्याच तारखा खाल्ल्या असाव्यात. पट्टा न सोडता म्हणाले, "थांब. आता आभाळाचा काढ."

काढला. ठिपका.

"समुद्राचा."

ठिपका.

"ह्याच्या थोबाडाचा."

दिगूकाकांनी कॉलर सोडून बनियन सारखं केलं. मी कॅमेरा जरा सरकवला आणि ठिपका बरोबर त्यांच्या नाकावर. तात्या हसले. असे हसले की कोयता खाली ठेवावा लागला. "देवाने राहिलेला तीळ दिला मेल्याला!"

"आता त्याचा काढ," दिगूकाका म्हणाले.

तात्यांच्याही नाकावर आणला. मग दोघांनी लेन्स फिरवायला लावली, झूम करायला लावलं, कॅमेरा उभा धरायला लावला. ठिपका चौकटीतली जागा सोडेना. तात्यांनी निकाल दिला, "खूण जमिनीवर नाय. तुझ्या यंत्रातच हाय, आत. ज्याच्याकडून घेतलास त्याला धर."

शेवटी गडग्याच्या दोन बाजूंना उभं राहून दोघांनी एक फोटो काढून घेतला. तात्यांनी मला बाजूला घेऊन पत्ता दिला. "मला एक पाठव. त्याला नको." दोन मिनिटांनी दिगूकाकांनीही तेच.

चारच्या आत स्टुडिओत. कॅमेरा टेबलावर आपटणार होतो, पण तो अजून माझा नव्हता. हळूच ठेवला. "आत ठिपका आहे. तुम्हाला माहीत होतं."

विलासदादांनी ड्रॉवरमधून कानात पाणी मारायचा रबरी फुगा काढला. लेन्स काढली, आतला आरसा वर केला, कॅमेरा पालथा धरून दोनदा फुस्स. रस्त्यावर जाऊन बावीसवर आकाशाचा फोटो घेतला. ठिपका नाही.

"सेन्सरवर, म्हणजे रिळाच्या जागी असतो त्यावर, धूळ. भोक लहान केलं की दिसते. लग्नात लेन्स बदलताना बसते. हळदसुद्धा असेल. तोंडाने फुंकर मारू नको हां, थुंकी उडते."

"मग आधी का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर घेतला असतास?"

"आणि का विकताय?"

त्यांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला. म्हणाले, इथे लग्नाच्या अल्बमबरोबर निगेटिव्हचं पाकीट द्यावं लागतं. मुलीचे फोटो दुसऱ्याकडे राहू नयेत म्हणून बाप ते स्वतः मोजून घेतो आणि कपाटात ठेवतो. "यात पाकीट काय देऊ? सीडी दिली तर म्हणतात, तुमच्या कॉम्प्युटरात राहिलेच असतील. दोन गिऱ्हाइकं गेली. मी आपला परत रिळावर."

हे खरं असेल का? असेलही. फुगा मात्र ड्रॉवरमध्ये सगळ्यात वर होता, हे मी विसरलेलो नाही. पण सकाळीच एका म्हाताऱ्याने, रीळ नाही म्हणून माझा पट्टा धरला होता. मी पैसे दिले. त्यांनी दोनदा मोजले आणि नोटा उजेडात धरून बघितल्या.

घरी आईने पहिला प्रश्न विचारला, "हे खूळ किती दिवस?"

चिपळूणला दोन प्रिंट काढून दोन पत्त्यांवर पाठवल्या. गडगा, दोन बाजूंना दोन म्हातारे, वर उजवीकडे ठिपका. कॉम्प्युटरवर तो पुसता आला असता. पुसला असता तर दोघांनाही संशय आला असता.

पंधरा दिवसांनी तात्यांचं पोस्टकार्ड आलं. "फोटो पोचला. दिगूला पाठवलास, हे पोस्टमनकडून समजले. त्याच्या प्रतीत ठिपका कुठे आहे ते कळवावे."

मी लिहिलं, "तिथेच आहे. खात्री करायची तर गडगा ओलांडून बघून या." उत्तर अजून नाही.

मी रोज सकाळी गच्चीवर जातो, ॲपर्चर बावीसवर नेतो, आकाशाचा एक फोटो काढतो आणि वरचा उजवा कोपरा तपासतो. अजून काही सापडलेलं नाही.