मामांच्या बंदुकीचा नंबर

माझ्या सासऱ्यांच्या, म्हणजे मामांच्या, बंदुकीतून आजवर एकही गोळी सुटलेली नाही. तरी मागच्या खंडेनवमीला तिनं आमच्या घरातला एक माणूस पाडला. तो मी.

बंदूक निजामाच्या फौजेतली. मामांच्या आजोबांनी ती लिलावात घेतली, आणि लोह्यात, माझ्या सासरी, कुठल्याही गप्पा अजून तिच्यावरच येऊन थांबतात. ‘माझी बंदूक मी डोळे झाकून वळखतो, जावईबापू!’ हे मी लग्नाच्या बोलणीपासून ऐकतोय. (बोलणी चालू असताना ती माझ्या डोक्यामागच्याच खुंटीवर होती. मी लगेच हो म्हणालो.)

खंडेनवमीला मी लातूरहून गेलो, तेव्हा ती पूजेसाठी पाटावर मांडलेली. नळीवर ठोकलेला नंबर आणि अक्षरं वर्षानुवर्षांच्या हळदीकुंकवानं पार बुजलेली. मी मोबाईलवर एक व्हिडिओ बघितला होता : अशा अक्षरांत पांढरा रंग भरायचा, वरचा पुसून घ्यायचा, की अक्षरं झळकतात! आणि जावयानं कधीतरी काहीतरी करून दाखवावं, एवढी तर सासरची अपेक्षा असतेच.

“काय करून राहिलात?” बायकोनं विचारलं.

“नंबर उठवून राहिलो.”

“मागं नळ दुरुस्त केला, तवा आठ दिवस टँकर आणावं लागलं.”

मी दुर्लक्ष केलं. जुना टूथब्रश, रॉकेल आणि खिडक्यांना लावून उरलेला ऑइल पेंट. चिंधीनं वरचा रंग पुसला आणि काय सांगू! आकडे दहा हातांवरून वाचता यायला लागले. घोटाळा तिथंच झाला.

मामांनी भरल्या भावकीत कौतुकानं लायसन काढलं. “वाचा जावईबापू, मी ताडून बघतो!”

मी वाचलं.

“पुन्यांदा वाचा.”

मी पुन्हा वाचलं, जरा मोठ्यानं. एकही आकडा जुळेना! मामांनी पुरणपोळीचं ताट बाजूला सारलं. “मग इतकी वर्सं म्या पूजा कुणाची केली?” म्हणाले, आणि भिंतीकडं तोंड करून आडवे झाले.

खुलासा पोलीस ठाण्यातल्या रजिस्टरनं केला. निवडणूक आली की बंदुका तिथं जमा होतात. नंबर दिसत नाही, म्हणून परत देताना “हीच का?” “हाव, हीच!” एवढ्यावर काम भागायचं. कुठल्याशा निवडणुकीनंतर मामांनी डोळे झाकून वळखलेली बंदूक शेजारच्या गावातल्या अप्पांची होती!

अप्पांना बोलावणं गेलं. ते आमची बंदूक शालीत गुंडाळून घेऊन आले. जमादारासमोर अदलाबदल झाली आणि दोघं म्हातारे आपापली बंदूक मांडीवर घेऊन बाकावर बसले. मला खरंच वाईट वाटलं.

“हिला निवद कशाचा दावत होता?” शेवटी मामांनी विचारलं.

“पुरणाचा. तुमी?”

“पुरणाचाच.”

मामांनी डोळे पुसले. अप्पांनी आपली बंदूक उलटीपालटी करून बघितली.

“ह्ये पांढरं कुणी फासलं?”

“आमच्या जावयानं.”

अप्पांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग मामांना म्हणाले, “पाव्हणं, याचीबी एकडाव खातरजमा करून घ्या. लग्नात गर्दी लई असती.”

सगळं ठाणं हसलं. मामा तेवढे हसले नाहीत. घर येईपर्यंत ते माझ्याकडं तिरप्या नजरेनं बघत होते, आणि खरं सांगायचं तर मलाही छातीठोक काही सांगता येईना.