अंधारातलं बोलणं

कादंबऱ्या लिहिणाऱ्यांचा मला राग येतो. प्रेम आलं की यांच्या पानावर दिवा लागतो, द्वेष आला की अंधार पडतो. अनसिंगजवळच्या आमच्या घरात सगळं उलटं होतं.

त्या काळी थोरांसमोर नवऱ्याशी बोलायची रीत नव्हती. दिवसा समोर आले तरी मी पदर ओढून भिंतीकडे बघायची. कंदील पेटला की सासूबाईंची नजर सुरू: भाकरी जाड झाली, पदर घसरला, सून हसली. त्यांचा सारा आकस त्या उजेडातच दिसायचा. खोलीत आल्यावर हे आधी म्हणायचे, "दिवा मालव." तिथून माझा संसार सुरू व्हायचा.

ह्यांना वाचनाचं वेड. वाशीमहून कुणाकडून तरी कादंबरी मागून आणायचे, दिवसा शेताच्या धुऱ्यावर बसून वाचायचे आणि अंधारात मला कुजबुजत सांगायचे. एकदा नायिका प्रियकरासाठी खिडकीत दिवा ठेवते, असं सांगत होते. मी म्हटलं, "तुमच्या त्या लिहिणाऱ्याच्या घरी सासू नसन." हसू बाहेर जाऊ नये म्हणून त्यांनी गोधडीचं टोक तोंडात कोंबलं.

मग ते तापाने पडले, ते उठलेच नाहीत. आजाऱ्याच्या उशाशी तेलाचा दिवा अखंड ठेवलेला, भोवती घरची थोर माणसं आणि मी पायांशी. एका दिवेलागणीला त्यांनी डोळे उघडले, माझ्याकडे वळवले आणि म्हणाले, "दिवा मालव."

ते अभद्र बोलणं ऐकून सासूबाई दचकल्या. तापात बरळून राह्यला म्हणत त्यांनी दिव्यात तेल घातलं, वात वर सारली. रडत होत्या. त्यांचं ते प्रेमच होतं. ह्यांनी पुन्हा तेच म्हटलं, पण हळू. त्या दोन शब्दांचा अर्थ मला एकटीला ठाऊक होता आणि चारचौघांत तो सांगायला माझी जीभ उचलली नाही.

दुसऱ्या दिवशी ते गेले. त्या मोठ्या केलेल्या उजेडात मी त्यांचा चेहरा पहिल्यांदा पोटभर पाहिला. डाव्या भुवईत तीळ होता. इतक्या वर्षांच्या संसारात मला तो माहीत नव्हता. अंधारात मला काय सांगायचं होतं, ते मात्र ते सोबत घेऊन गेले.