मापाचा ट्रॅक्टर

लांज्याच्या शोरूममध्ये विक्रेता ट्रॅक्टरची ताकद समजावत होता आणि माझे वडील बांबूच्या काठीने त्याची रुंदी मोजत होते. आमची जमीन उतारावरची, भोवती कुंपणाला चिऱ्यांचा गडगा आणि आत जायची वाट जेमतेम त्या काठीएवढी.

"ताकदीचं मागाहून बघू गो. आधी आत शिरायला हवा," ते मला म्हणाले. सगळ्यांत अरुंद ट्रॅक्टर घरी आला.

शिरला एकदाचा आत. पण चढावर नांगर लावताच त्याची पुढची चाकं उचलली जायला लागली. विक्रेत्याने बजावलं होतं, पुढे लावायला लोखंडी वजनं घ्या.

"कोकणात राहून वजन विकत आणायचं?" वडील म्हणाले.

मी ओरडेपर्यंत त्यांनी गडग्याच्या तळातले दोन चिरे उपसून ट्रॅक्टरच्या तोंडाशी बांधलेसुद्धा.

ट्रॅक्टर शहाण्यासारखा चढला. गडगा मात्र तिथेच कोसळला, आणि सकाळी गावची गुरं आमची आंब्याची नवी कलमं चघळत उभी!

चिरे गडग्याला परत द्यायला वडील तयार नाहीत. म्हणून नांगरणी आटोपली की आम्ही ट्रॅक्टर त्या खिंडारात आडवा लावतो. येईल त्या पाहुण्याला ते काठी लावून दाखवतात, "बघा, कसा मापाचा घेतलाय!"